दुसऱ्या भागाचा आवाज

कणकवली स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जेरी उभा होता, त्याच्या पासपोर्टाच्या चार प्रती निघत होत्या, आणि नेमका तेव्हाच मेस्तांचा फोन आला. मेस्त फोनवर हॅलो म्हणत नाहीत. बोलणं आपल्या घरात आधीच सुरू झालेलं असावं आणि समोरच्याने ते मधूनच उचलावं, अशी त्यांची पद्धत. "आनी दुसऱ्या भागाक आवाज घालू नको," ते म्हणाले. "पयल्याक घाल, तिसऱ्याक घाल. दुसरो तुजो. तो तू वाजयतलंस." यंत्राच्या काचेखालून उजेड सरकत गेला आणि जेरीचा फोटो असलेलं पान ट्रेमध्ये पडलं. "बरा," जेरी म्हणाला, आणि पलीकडून फोन बंदसुद्धा झाला. दुकानदाराने विचारलं, "मागची बाजू पण काढायची ना?" जेरीने मान हलवली. कसली मागची बाजू ते त्याला कळलं नव्हतं. तो बरा म्हणून मोकळा झाला होता, आणि तो एवढासा शब्द खोटा होता. कारण दुसऱ्या भागाला त्याने आवाज घातलेला होता. आज नव्हे, गेल्या रविवारीच. आणि आज दुपारी लॅपटॉप घेऊन मेस्तांकडे जायचं, सगळं ऐकवायचं, असं ठरलेलं होतं.

मेस्त म्हणजे आचऱ्याजवळच्या वाडीतले सांतान मेस्त. चर्चमध्ये गाणं-वाजवणं शिकवणाऱ्याला तिकडे मेस्त म्हणतात, आणि सांतान साठ वर्षं तेच करत आले, त्यामुळे त्यांचं आडनाव विचारलं तर वाडीतले लोकही क्षणभर गोंधळतात. आता ते एक्याऐंशीचे. त्यांनी स्वतःच्या मयताचं संगीत स्वतःच लिहून ठेवलं होतं. यात वाडीत कोणाला नवल वाटलं नाही; शवपेटीचं लाकूडही त्यांनी आधीच पसंत केलं होतं. संगीताचे भाग तीन. वाटेवरच्या क्रुसाला तिकडे खुरीस म्हणतात; घरापासून खुरसापर्यंत पहिला, खुरसापासून चर्चच्या दारापर्यंत दुसरा, आणि चर्चमधून दफनभूमीपर्यंत तिसरा. वाडीतलं मयत जसं चालतं तसंच संगीत. खुरसाजवळ लोक खांदा बदलतात म्हणून तिथे पहिला भाग संपतो, आणि चर्चच्या पायऱ्या चढताना पेटी कलते म्हणून दुसऱ्याच्या शेवटी सूरही थोडा थबकतो. पहिला भाग ट्रंपेटचा, म्हणजे इनासचा. इनास मेला. तिसरा व्हायोलिनचा, म्हणजे खुद्द मेस्तांचा, आणि ते तर पेटीतच असणार. "माज्या मयताक मी कसो वाजवू?" असं ते गंभीरपणे म्हणाले होते, जणू हा कामाच्या वाटपातला एक तिढा होता. म्हणून या दोघांचे आवाज कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि स्पीकर टेम्पोत ठेवून पेटीमागून न्यायचा. दुसरा भाग क्लॅरिनेटचा. क्लॅरिनेट वाजवणारा जिवंत होता, कणकवलीत एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता, येत्या महिनाअखेर निवृत्त होत होता, आणि पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला लिस्बनला चालला होता, कायमचा. शेवटची गोष्ट मेस्तांना ठाऊक नव्हती.

प्रती घेऊन तो फ्लॅटवर आला. बस दीडची होती, म्हणजे हातात अडीच तास होते, आणि अडीच तास हा वाईट वेळ. काही करायला थोडा आणि नुसतं बसायला फार. त्याने लॅपटॉप उघडला. स्वरलेखनाचं हे सॉफ्टवेअर तो एकटाच शिकला होता, ऑफिसात नवी प्रणाली आली की शिकतो तसाच, शिव्या घालत आणि वहीत पायऱ्या लिहून ठेवत. मेस्तांच्या वहीतला एकेक स्वर पाच रेघांवर बसवायला त्याला दीड महिना लागला. दोन उभ्या दांड्यांमधल्या घराला मेस्त जुन्या गोव्याकडच्या सवयीने कंपास म्हणतात. असे पहिल्या भागात अठ्ठेचाळीस कंपास, दुसऱ्यात बत्तीस, तिसऱ्यात चाळीस. सगळं एकाच ओळीत, एकापुढे एक. मग आवाज द्यायची वेळ आली. त्याने मिक्सर उघडून ट्रंपेट निवडला, तर तिन्ही भाग ट्रंपेटमध्ये वाजले. व्हायोलिन निवडलं, तर तिन्ही व्हायोलिनमध्ये. सॉफ्टवेअरच्या लेखी ओळ एक म्हणजे वाजवणारा माणूस एक. खुरसाजवळ एकजण थांबतो आणि दुसरा वाद्य तोंडाला लावतो, हे त्याला कोण सांगणार? चार दिवस डोकेफोड केल्यावर कळलं की प्रत्येक भागाच्या पहिल्या कंपासवर वाद्य बदलल्याची खूण टाकायची असते. खूण टाकली की तिथून पुढे तो आवाज, पुढची खूण येईपर्यंत. इतकं सोपं. पहिल्याच्या डोक्यावर ट्रंपेट, तिसऱ्याच्या डोक्यावर व्हायोलिन. मधे दुसरा भाग उघडा होता, आणि जेरीने तिथे क्लॅरिनेट लिहिलं.

का लिहिलं? रविवारी त्याने स्वतःला सांगितलं होतं की काम अर्धवट दिसायला नको. ऑफिसात त्याने आयुष्यभर एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. पण खरी गोष्ट ही होती की त्याला स्वतःला ऐकायचं होतं, स्वतः तिथे नसताना. त्याने बटण दाबलं, बत्तीस कंपास वाजले, एकही स्वर घसरला नाही, आणि त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. मेस्त आवाज घालत होते ते मेलेल्यांसाठी. एक मेला होता, एक मरायचा होता. त्या दोघांच्या मधे जेरीने भर दुपारी, जेवून उठून, आपल्या हाताने आपलं नाव घातलं होतं.

आता त्याने ती खूण पुसली. एवढंच करायचं होतं; बरा म्हटलंच होतं. बटण दाबून तो ऐकत बसला. पहिला भाग संपला आणि शांतता येण्याऐवजी ट्रंपेट तसाच पुढे चालत राहिला. मधली खूण काढली की मागचाच आवाज पुढे येतो, हे त्याला माहीत होतं आणि तरीही तो दचकला. खुरसाजवळ न थांबता इनास सरळ चर्चच्या वाटेला लागला होता आणि जेरीची ओळ वाजवत होता. इनासला ती झेपतही नव्हती. ट्रंपेटला ते खालचे स्वर जड जातात. तरी रेटत होता. जिवंत असतानाही तो असाच, दुसऱ्याच्या वाटणीचं ओझं उचलून वर चेष्टा करणारा. जेरीने घाईने आवाज थांबवला. मग बत्तीसही कंपास निवडले आणि 'वाजवा' या शब्दापुढची टिकली काढून टाकली. पडद्यावर काहीच बदललं नाही. सगळे स्वर जागच्या जागी, काळेभोर, नीटनेटके, फक्त वाजत नाहीत. उभी रेघ त्यांच्यावरून सरकत गेली. मेस्तांना हेच हवं होतं: रिकामी जागा, जिथे जेरी उभा राहील. आणि ही जागा अशी मोकळी नेऊन त्यांच्यासमोर ठेवायची म्हणजे मी असेन असं तोंडावर सांगायचं. त्याने टिकली परत घातली. काढली. पुन्हा घातली. पावणेबारा वाजले.

तेवढ्यात बायकोचा, अ‍ॅनीचा फोन. ती चार महिन्यांपूर्वीच लेकीच्या, डेलिशाच्या बाळंतपणासाठी लिस्बनला गेली होती. अ‍ॅनीचा बाप गोव्यातला, त्याच्या पोर्तुगीज अमलातल्या जन्मदाखल्यावर आधी तिचा, मग लेकीचा पोर्तुगीज पासपोर्ट झाला होता, आणि आता नवरा म्हणून जेरीचे कागद जमत आले होते. तिकडे नुकतं उजाडत होतं. मांडीवर बाळ, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर ती जुनी कणकवलीतली घाई. "सांगलंस मेस्तांक?" तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

"आज सांगतंय."

"आज आज करून म्हयनो झालो, जेरी. पयल्या दिवसाक सांगलेलंस तर एवढा जड झाला नसता."

"तेंका बरा वाटाचा नाय."

"नायच वाटाचा. पण दुसऱ्या कोणाकडसून कळला, तर ता बरा काय? आनी हंयसर बघ, हेका आजो व्हयो आसा." तिने बाळाचा हात धरून पडद्यासमोर हलवला. जेरीनेही हात हलवला. बाळ वेगळ्याच दिशेला बघत होतं. त्याला या मुलाला मांडीवर घ्यायचं होतं, अगदी मनापासून, हीच तर पंचाईत होती. जायचं नसतं तर सगळं सरळ होतं. फोन ठेवल्यावर त्याने टिकली काढली, फाइल तशीच साठवली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावली. झालं. मुका दुसरा भाग घेऊन तो खाली उतरला, आणि जिन्यातच त्याला वाटलं की आपण हे अ‍ॅनीवर चिडून केलं. मेस्तांसाठी केलंच नाही.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. वरवडे गेलं, रस्ता वळणांना लागला आणि पिशवी मांडीवर धरून त्याची बोटं आपोआप हलायला लागली. क्लॅरिनेटच्या चाव्यांवर हलतात तशी, पिशवीच्या कापडावर. अकरा वर्षांचा असताना मेस्तांनी त्याला ते वाद्य दिलं होतं. दिलं म्हणजे नेमून दिलं. मेस्त मुलांना काय वाजवायचंय असं कधी विचारत नसत. मुलाला पायरीवर उभं करायचे, हनुवटी धरून तोंड उघडायला लावायचे आणि दात बघायचे, बाजारात बैल बघावा तसे. मग ओठ चिमटीत धरून बघायचे. इनासचे ओठ जाड, त्याला ट्रंपेट. जेरीचे खालचे दात सरळ ओळीत, ओठ पातळ. "क्लॅरिनेट," मेस्त म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. जेरीला व्हायोलिन हवं होतं. आई म्हणाली की मेस्तांनी सांगितलं ना, मग झालं. त्या दिवशी खालच्या दातांनी ठरवलं ते सत्तेचाळीस वर्षं चाललं: लग्नं, घराघरांतल्या प्रार्थनांच्या लदिन्या, चर्चच्या सणांची फेस्तं, आणि मयतं, मयतं सगळ्यात जास्त. लग्नाला लोक आता डीजे आणतात. मयताला अजून माणसं लागत होती.

आणि मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. इनास कुठल्याशा वॉर्डात मेला आणि त्याला वाडीत आणलं ते पांढऱ्या गाडीतून, गुंडाळून. चार अनोळखी माणसं प्लॅस्टिकच्या कपड्यांत. कोणी बाहेर यायचं नाही अशी सक्त ताकीद. जेरी कणकवलीत अडकला होता, फोनवर फोन करत होता. मेस्त मात्र व्हायोलिन घेऊन आपल्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभे होते. हे त्यांनीच नंतर सांगितलं, वर्ष गेल्यावर, मान खाली घालून. "गाडी खुरसाकडसून गेली रे. मी उबो. वाद्य हातात. एक सूर काडूक माका धीर झालो नाय." ज्या माणसाने साठ वर्षांत वाडीतलं एकही मयत सुरावाचून जाऊ दिलं नव्हतं, तोच आपल्या जिवलग शिष्याचं मयत भिऊन, गप्प उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून मेस्तांना एकच भीती. मरणाची नव्हे, असं मुक्याने जाण्याची. तेव्हाच त्यांनी वही काढली. आणि तेव्हाच, त्या पडवीत, कोणी मागितलं नसताना, जेरी बोलून गेला होता, "तुमच्या वेळेक मी आसतलंय, मेस्त. काय झाला तरी." काय झाला तरी हे शब्द कशाला जोडायचे? नुसतं आसतलंय म्हणून भागलं नसतं? माणूस गहिवरला की जास्तीचे शब्द वापरतो आणि मग तेच शब्द अंगाशी येतात. रामगड मागे पडलं. त्याने पिशवीची चेन अर्धी उघडली, पुन्हा लावली. शेजारच्या बाईने त्याच्याकडे बघून आपली टोपली जवळ ओढून घेतली.

आचऱ्याच्या स्टँडवर विठोबा भेटला. भेटायचाच होता तो. जे टाळावं ते स्टँडवरच उभं असतं. विठोबा मासेमारीवाला, होडी आता मुलगे नेतात, पण वाडीच्या बँडात मोठा ढोल गेली तीस वर्षं त्याचाच. ख्रिस्ती मयतात तो पुढे चालायचा आणि गणपतीत मेस्त त्याच्याकडे आरतीला व्हायोलिन घेऊन जायचे, यात दोघांनाही काही विशेष वाटत नसे. "मेस्तांकडे चाललंस?" विठोबाने विचारलं. "माका सगळा सांगल्यानी. माजो ढोल नि तुजी क्लॅरिनेट, आमी दोगा खरे. बाकी सगळो डब्यातलो आवाज." आणि तो मनापासून हसला. "खरा सांगू जेरी? त्या स्पीकराबरोबर चालाक माका भ्या वाटता. तो दमाचो नाय, तो थांबाचो नाय. पण मदी तू आसंस म्हटल्यार बरा. तुज्या पायांकडे बघीन नि ठेको धरीन." जेरी म्हणाला, "व्हय." दिवसातलं हे दुसरं. सकाळी बरा, आता व्हय. आणि तो रिक्षात बसला.

मेस्त पडवीत खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू ऐकणं म्हणजे कुठेतरी जाणं होतं. मोतीबिंदू काढूनही त्यांना धूसरच दिसतं. माणूस ते आवाजावरून आणि पायांच्या घासण्यावरून ओळखतात. सूनबाई शर्मिलाने स्टूल आणून दिलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, छोटा स्पीकर जोडला. "बॅटरी आसा मगे?" मेस्तांनी विचारलं. "वाटेत सोडून दिल्यान तर माका खुरसाकडेच ऱ्हवाचा लागतला." शर्मिला हसली. जेरीने हसायचा प्रयत्न केला आणि बटण दाबलं.

पहिला भाग सुरू झाला. मेस्तांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्यातलं एक बोट वर झालं आणि कंपास मोजू लागलं. ट्रंपेट बरा वाजत होता, थोडा पत्र्यासारखा, पण मेस्तांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते पत्रा ऐकत नाहीत, इनासला ऐकताहेत. अठ्ठेचाळीस कंपास. खुरीस आला. ट्रंपेट थांबला आणि या खेपेला खरोखरच शांतता झाली. पडद्यावरची रेघ मुक्या स्वरांवरून पुढे निघाली. मेस्तांचं बोट थांबलं नाही. ते कंपास मोजत राहिले, आणि चौथ्या कंपासवर त्यांनी दुसरा हात उचलून जेरीच्या दिशेने हलकेच फिरवला. लहानपणी फिरवायचे तसा, घे म्हणून, आता तू. जेरीने ते घेतलं नाही, घ्यायला काही नव्हतं, पण मेस्तांना ते ऐकू येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. मान एका जागी कलली, तिथे सूर चढतो. शर्मिला दारात उभी राहून कधी लॅपटॉपकडे, कधी सासऱ्याकडे बघत होती. बत्तीस कंपास म्हणजे जेमतेम दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकून डोळे मिटलेले असताना दोन मिनिटं फार होतात. बाराव्या कंपासवर मेस्तांनी पुन्हा हात फिरवला, आणि जेरीला ते सहन झालं नाही.

"मेस्त, मी तेवा नसतलंय."

बोट चालू होतं. "तेवा म्हंजे कदी? मी मराचो दीस तुका म्हायत आसा?"

"मी लिस्बनाक जातंय. अ‍ॅनीकडे, डेलिशाकडे. कायमचो. फुडच्या म्हयन्याच्या एकोणीस तारकेक."

बोट चालूच. सोळा, सतरा, अठरा. जेरी वाट बघत होता. ओरडा, त्याच्या मनात आलं, हनुवटी धरा, काहीतरी करा. मेस्तांनी उरलेले सगळे कंपास मोजले, पायऱ्यांपाशी जिथे सूर थबकतो तिथे बोट अधांतरी धरलं, आणि मग तिसरा भाग, त्यांचं स्वतःचं व्हायोलिन, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. ते संपल्यावर म्हणाले, "एकोणीस तारीक. म्हंजे तेच्या आदी मराक व्हया." ते चेष्टेने नव्हतं आणि रागानेही नव्हतं, जमतंय का, असा विचार ते खरोखरच करत होते.

"पपा, असा काय बोलतास!" शर्मिला म्हणाली.

"बगूक नको? माणूस एकच आसा." मग ते जेरीकडे वळले. "घातलेलंस तू आवाज. व्हय मां? फोनार तुजो बरा ऐकलंय तेवाच माका कळला."

सकाळपासून जेरी जे लपवत कणकवलीहून इथवर वाहून आणत होता, ते मेस्तांकडे त्याच्या आधीच पोचलं होतं. "घातलेलंय," तो म्हणाला. "मगे मुको केलंय. तुमी सांगलास म्हणान."

"सोड तेका."

त्याने टिकली घातली, वाद्याची खूण पुन्हा टाकली, बटण दाबलं. क्लॅरिनेट सुरू झालं, गोल, गुळगुळीत, रविवारी वाजलं होतं तसंच बिनचूक. मेस्तांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दहा कंपासांवर त्यांनी हात आडवा केला. "बंद कर. ह्यो तू न्हय."

"क्लॅरिनेटच आसा, मेस्त."

"क्लॅरिनेट आसा. पण ह्यो श्वास खंय घेता? श्वास नाय घेय तो माणूस कसलो? विठोबा तेच्यावांगडा चलतलो कसो?"

सॉफ्टवेअरात श्वासाची खूण असते, ओळीच्या वर एक स्वल्पविराम, आणि किती थांबायचं तेही लिहिता येतं. पण आपण श्वास कुठे घेतो हे जेरीला सांगता येईना. सत्तेचाळीस वर्षं घेतला होता, कधी पाहिला नव्हता. शेवटी तो उठून उभा राहिला, दोन्ही हात छातीसमोर धरले, ओठ दातांवर ओढले आणि रिकाम्या हवेत वाजवू लागला. शर्मिलाने शहाणपणाने नजर वळवली. वयस्कर हेडक्लार्क मेस्तांच्या पडवीत उभा राहून नसलेलं वाद्य फुंकत होता, बोटं चालवत होता, आणि जिथे दम सरला तिथे मेस्त म्हणत होते, "हंय. लिव." तो खाली बसून खूण टाकायचा, पुन्हा उठायचा. पाचवा कंपास, नववा, चौदावा. तेविसाव्यावर मेस्त म्हणाले की असल्या जागी तो पूर्वी श्वास घेत नसे, वय झालं म्हणून घेतो. "घाल, वय झालेलोच तू जातंस." सगळे मिळून सात श्वास झाले. सातवा टाकताना जेरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही, कारण मेस्तांना दिसणार नव्हतं आणि शर्मिलाने ते केव्हाच पाहिलं होतं.

"आनी एकोणिसाव्याक उशीर घाल," मेस्त म्हणाले.

"कसलो उशीर?"

"असल्या जाग्यार तू उशिरान येतंस. चाळीस वर्सा येतंस. किती मारलंय तुका तेच्यासाठी."

"मेस्त, ती चूक आसा. यंत्रात चूक कित्याक घालूची?"

"घाल म्हणतंय मां?"

त्याने एकोणिसाव्या कंपासच्या आधी एक अगदी छोटा विराम टाकला. मेस्तांनी ऐकून तो थोडा वाढवायला लावला. एवढा उशीर मी करत नाही, असं जेरीला म्हणायचं होतं, पण बहुधा करत होता. मग सगळं पहिल्यापासून लावलं. ट्रंपेट घरातून निघून खुरसापर्यंत आला आणि क्लॅरिनेटने सूर उचलला. आता ते तितकं गुळगुळीत नव्हतं. ते चालत होतं, दमत होतं, थांबून दम घेत होतं. स्वतःला असं रस्त्यावरून जाताना जेरीने कधी पाहिलं नव्हतं. एकोणिसावा आला, स्वर आला नाही, मेस्तांचं बोट वर धरलेलं राहिलं, आणि मग तो आला. मेस्त हसले. जेरीला मोकळं वाटायला हवं होतं. सुटला होता तो. आता त्याने एकोणीस तारखेला जावं किंवा उद्याच जावं, या पडवीचं काही अडणार नव्हतं, आणि ते ध्यानात आल्याबरोबर त्याने स्टूलाची कड घट्ट धरली. दुसरा भाग पायऱ्या चढला, थबकला, संपला. मेस्त पुढे वाकले, स्पीकरच्या दिशेने तोंड केलं, आणि जे त्यांनी जेरीला आजवर एकदाही म्हटलं नव्हतं ते त्या डबीला म्हणाले.

"बरो वाजयलंस रे, जेरी."

"मेस्त," जेरी त्यांच्या दुसऱ्या बाजूने म्हणाला, "मी हंयसर आसंय."

"म्हायत आसा माका. गप ऱ्हव. तिसरो सुरू झालो."